आईच्या परातीवरचं नाव

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आईची पितळी परात आज विमलला दिली. शेजारची ही पोर, लग्न होऊन जरीपटक्याला नवा संसार मांडतेय. परातीच्या काठावर आईचं नाव कोरलेलं. माझ्याकडे स्टीलची आली म्हणून दिली, की खरंच मनापासून? जुनं गळ्यात मारलं असं तिला वाटलं तर? घाईघाईनं म्हटलं, सीताबर्डीत नेऊन नाव घासून आणते.

"काहून वं मावशी?" ती हसली. "आजीचे धपाटे याच परातीतले खाल्ले मी. नाव राहू दे. बाजूले माझं टाकीन."

आणि मी, सख्खी लेक, ते पुसायला निघाले होते! काठ चांगला मोठा आहे. विमलच्या पुढेही आणखी एखादं नाव मावेल.