कुठला परवा?

पार्सिपनी
मंगळवार, २८ एप्रिल

प्रिय आसावरी,

माझं अक्षर बघितलंस की हे पाकीट न उघडता रिसायकलच्या डब्यात जाईल, म्हणून वरचं तुझं नाव मनोहरकडून लिहून घेतलंय. आता उघडलंच आहेस तर वाच. सात आठवडे झाले तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, आणि गेल्या रविवारी ओक ट्री रोडवर भाजीच्या दुकानात मला बघून भरलेली कार्ट तशीच सोडून निघून गेलीस. मी जाऊन बघितलं, आत मेथीच्या चार जुड्या होत्या. मेथी सोडून जाण्याइतका तुझा राग मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. आपण काय कमी भांडलोय? गणपतीच्या नाटकावरून भांडलो, तुझ्या ऋषीच्या लग्नातल्या जेवणावरून भांडलो. पण अबोला कधी धरला नाही. या वयात मला दुसरी आसावरी मिळणार नाही, आणि हे असंच संपलं तर मला ते सहन होणार नाही. स्पष्टच सांगते.

त्या ट्रिपचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल, तूही विचारलं नसशील. पहिल्यापासून सांगते. लास वेगासजवळची व्हॅली ऑफ फायर आपण दोन्ही जोडप्यांनी मिळून बघायची होती. एकदा कोविडमुळे गेली, एकदा मनोहरच्या गुडघ्यामुळे. तिसऱ्यांदा जानेवारीत तू फोन केलास, की सुमंतला जिना चढताना धाप लागते, टेस्ट चालल्यात, तुम्ही दोघं जा. मी वरवर बरं म्हटलं, पण मनातून चिडले होते. सुमंतवर नाही गं, नशिबावर. आणि थोडी तुझ्यावरही, कारण तू फोन ठेवता ठेवता म्हणालीस की दगडच बघायचे तर पाच तास विमानात कशाला बसायचं, आमच्या साताऱ्यात काय दगड कमी आहेत! तेव्हाच मी ठरवलं की आता जायचंच.

मग मार्चमधला तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी पहाटे नेवार्कहून फ्लाइट, मी बॅग भरत होते, आणि तुझा मेसेज आला. तो मला पाठ झालाय. ‘सुमंतची बायपास परवा. बाकी सगळं ठीक. फोन करते.’ झालं. ‘आहे’ नाही, ‘झाली’ नाही. तू मेसेजमध्ये क्रियापदं वाचवतेस ही तुझी जुनी खोड. मी समजले, परवा म्हणजे रविवारी झाली. तुझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन तू घरी आल्यावर कळवलं होतंस, आठवतंय ना? उगाच सगळ्यांना घोर नको म्हणून. शिवाय ‘सगळं ठीक’ म्हणालीस. मी लिहिलं, ‘वा, छान झालं! काळजी घ्या’, आणि खाली फुलांचा गुच्छ. दोन दिवसांनी नवऱ्याची छाती उघडणार आहेत आणि मैत्रीण म्हणते छान झालं. तुला काय वाटलं असेल याचा विचार मनात आला की मला अजून कानकोंडं होतं.

गुरुवारी सकाळी सातलाच आम्ही पार्कात शिरलो. लास वेगासपासून तासाभराचा रस्ता, उघडा, करडा, बघण्यासारखं काही नाही. मी मनात म्हटलं, आसावरीचंच खरं. आणि एका वळणानंतर सगळं एकदम लाल झालं. लाल म्हणजे आपल्याकडच्या गेरूसारखं लाल. मधूनच पिवळा, मधूनच गुलाबी पट्टा. मनोहरचं सुरू झालं, की या मुळात वाळूच्या टेकड्या, कोट्यवधी वर्षं दाबल्या गेल्या आणि त्यांचा दगड झाला, लोखंड गंजून हा रंग आला. सगळं इंजिनिअरिंग त्याने माझ्यावर रिकामं केलं. एक दगड हुबेहूब सोंड खाली टाकलेल्या हत्तीसारखा. फायर वेव्हच्या दगडावर तर लाटाच लाटा, वर चालताना बूट घालायला जिवावर येतं. मी हौसेने नवा लाल कुर्ता घालून गेले होते, तर फोटोत फक्त माझं तोंड आणि पांढरे केस दिसतात. तुला किती हसू आलं असतं! दर दहा मिनिटांनी मी म्हणत होते, आसावरी हवी होती. मनोहरला विचार.

फोनला रेंज नव्हती. पार्कात बहुतेक ठिकाणी नसतेच. मी फोटो काढत होते आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत होते, ते जात नव्हते, नुसते गोल गोल फिरत होते. एकला आम्ही जेवायला बाहेरच्या गावात गेलो, तिथे रेंज आली आणि तेवीसच्या तेवीस फोटो एकदम गेले. त्यात तो हत्तीजवळचा, मी दोन्ही हात पसरून उभी, आणि खाली मी लिहिलेलं, ‘आसावरी, तू इथे हवी होतीस!’ तुमच्याकडे तेव्हा चार वाजले होते. सकाळी सहापासून तू त्या वेटिंग रूममध्ये एकटी बसली होतीस, ऑपरेशन लांबलं होतं, सर्जन अजून बाहेर आला नव्हता, आणि तुझा फोन तेवीस वेळा वाजला. हे मला सुमंतने नंतर सांगितलं. मला तेव्हा फक्त एवढंच दिसलं, की आसावरी लेफ्ट. मी मनोहरला म्हटलं, हिचं बोट चुकून लागलं वाटतं.

खरं काय ते मला शुक्रवारी मंडळातल्या प्रीताच्या फोनमुळे कळलं. ती म्हणाली, सुमंतकाका कसे आहेत, काल आठ तास लागले ना? मी मोटेलच्या खोलीतूनच तुला फोन लावला. तेव्हापासून तुला किती फोन केले ते तुझ्या फोनला माहीत. आल्या आल्या तुझ्या घरी आले, तर दार ऑपरेशननंतर सिएटलहून आलेल्या ऋषीने उघडलं आणि आई झोपलीये म्हणाला. आतून तुझा कुकर वाजत होता.

त्यानंतर मी एक काम फार जोरात केलं. ही परवाची गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटले. मराठी मंडळाच्या पाडव्याला सांगितली, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून सांगितली. की बघा आपली मराठी, गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा, माणसाने करायचं काय? लोक हसतात. सीमा म्हणाली, अगं असं कुणाचंही झालं असतं. सगळ्यांनी मला माफ केलंय. मला वाटलं होतं, फिरून फिरून ही गोष्ट तुझ्या कानावर येईल, तूही हसशील आणि शिव्या घालायला फोन करशील. तू केला नाहीस. बरोबर केलंस. कारण ती गोष्ट पुरती खरी नाही.

मी तुझा मेसेज मनोहरला वाचून दाखवला, तेव्हा त्याने विचारलं, कुठला परवा? झालेला की यायचा? सरळ साधा प्रश्न. वर म्हणाला, फोन करून विचार ना, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या एका हातात मोजे होते, दुसऱ्यात फोन. तुझं नाव स्क्रीनवर समोर होतं. आणि आसावरी, मी तो फोन केला नाही. मी म्हटलं, झालेलाच असणार, सगळं ठीक लिहिलंय की, आणि मोजे बॅगेत कोंबले. कारण विचारलं असतं आणि तू यायचा म्हणाली असतीस, तर मला बॅग रिकामी करावी लागली असती. तिसऱ्यांदा. मला जायचं होतं गं. म्हणून मी स्वतःला सोयीचा परवा निवडला. मनोहरला हे माहीत आहे. मी लोकांना ती गोष्ट सांगते तेव्हा तो उठून पाणी प्यायला जातो, हे माझ्या लक्षात आलंय.

त्या पार्कात एका उंच दगडाला लोखंडी जिना लावलाय. वर हजारो वर्षांपूर्वी कुणी कुणी कोरून ठेवलंय. माणसं, मेंढ्या, वर्तुळं, वेड्यावाकड्या रेघा. ज्याला जे सुचेल तो अर्थ लावत असतो. मनोहर पुटपुटला की आता कोण सांगणार, कोरणाऱ्याला विचारता थोडंच येतंय! मी तेव्हा नुसतं हूं म्हटलं. माझा मेसेज लिहिणारी मात्र विचारता येण्यासारखी होती. चाळीस मैलांवर, पहिल्या रिंगला फोन उचलणारी.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू अकरा तास बाहेर बसली होतीस. थर्मासमध्ये चहा, पिशवीत मेतकूट, आणि मी शुद्धीवर आल्यावर तुझं पहिलं वाक्य की तुझ्या सर्जनचे बूट फार घाण आहेत. मी हे विसरले नव्हते. विसरले असते तर बरं होतं, निदान विसरभोळी म्हणून सुटले असते.

आज सकाळी सुमंतचा फोन आला. तू फार्मसीत गेली होतीस, तेवढ्यात त्याने केला. त्याच्यावर ओरडू नकोस, आधीच डॉक्टरांनी आठ आठवडे गाडी चालवू नको म्हटल्यामुळे तो वैतागलाय. म्हणाला, आसावरीच्या छातीत गाठ निघालीये, ती काढायचं ऑपरेशन परवा. या वेळी मी विचारलं, सुमंत, कुठला परवा? तो म्हणाला, येणारा. गुरुवार, तीस तारीख, सहाला हजर व्हायचंय, आणि ती म्हणते उबरने जाऊ, कुणाला सांगायचं नाही. मग त्याने मला एक सांगितलं, जे तू कधीच सांगितलं नसतंस. मार्चमध्ये ऋषी बायपासच्या आधीच सिएटलहून निघायला तयार होता, आणि तूच त्याला थांबवलंस, की सुट्टी वाया घालवू नकोस, नीलूमावशी आहे ना. आसावरी, माझं चुकलं. भाषेचं नाही, माझं. पत्र पोस्टात टाकलं तर परवा उलटून जाईल, म्हणून आत्ता गाडी काढून तुझ्या दाराच्या फटीतून टाकून जाणार आहे, बेल वाजवणार नाही. गुरुवारी पहाटे सव्वापाचला माझी गाडी तुझ्या ड्राइव्हवेमध्ये उभी असेल. सुमंत पुढे बसेल. माझ्याशी बोलायचं नसेल तर तू मागे बस, मी आरसा वळवून ठेवीन. थर्मास घेतलाय.

जमेल तेव्हा पुन्हा तुझीच म्हणवून घेणारी,
नीलू