सोसायटीला हवी असलेली आई

२ डिसें.
मनूचा फोन. वांद्र्याला फ्लॅट मिळतोय, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. भाडं ऐकून विचारलं, महिन्याचं की वर्षाचं? घरमालक तयार. अडलंय सोसायटीच्या सेक्रेटरीपाशी. एकट्या बाईला नाही, 'फॅमिली' पाहिजे. माझी लेक एकोणचाळीसची, हाताखाली तीस माणसं. आत्ताचं घर महिनाअखेर सोडायचंय.
"आई, तू माझ्यासोबत राहणार एवढंच सांग. व्हिडिओ कॉलवर. दहा मिनिटं."
म्हणजे खोटं. नाही म्हटलं.

३ डिसें.
दिवसभर धुसफुस. शाळेत खोटं बोलले म्हणून नन्सनी कोपऱ्यात उभं केलं होतं, वय सात. पुढे जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या ऑफिसात लोकांची खोटी मेडिकल सर्टिफिकिटं पकडली. आणि आता म्हातारपणी मी...

५ डिसें.
परत मनू. आणखी दोन सोसायट्यांत तेच. "मग काय नवरा भाड्याने आणू?" माझ्यावर गेलीय. पण आवाज बसलेला होता. कॉल घेते म्हटलं. काय बोलणार ते सांगितलं नाही.

६ डिसें.
वरच्या खोलीतली भाडेकरू संध्या, दवाखान्यातली नर्स, लाखोळीची भाजी घेऊन आली. दोघी निवडत बसलो. सेक्रेटरीचा यथेच्छ उद्धार केला. ती मान वर न करता,
"काहून तापता मॅडम? तुमी बी तं मले म्हनलं होतं, एकटी पोरगी नाही ठेवत, बाबाले घेऊन ये. धान कापनं टाकून आले होते माहे बाबा."
"तुझ्या भल्यासाठी म्हटलं होतं."
"तो बी तेच म्हनत असन."
आगाऊ. भाजी छान झाली. अर्धी तशीच ठेवली.

७ डिसें., रवि.
निळी रेशमी नेसले. पडद्यावर कमिटीचे तिघे. सेक्रेटरी इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होते, मोहाडीसारख्या गावची बाई म्हणून. मी माझ्या इंग्रजीत उत्तर दिलं. लगेच हिंदीवर आले.
"आप साथ में रहेंगी ना?"
कोपऱ्याच्या चौकोनात मनू. श्वास धरलेला.
म्हटलं, नाही. मी मोहाडीत राहते, मोहाडीतच राहणार. पाहुणी म्हणून येईन तेव्हा तुमच्याकडे चहाला येईन. माझी मुलगी एकटीच राहणार. भाडं ती भरणार, सहीही तिचीच. चालत नसेल तर आत्ता सांगा, तिला दुसरं घर बघायचंय.
"हम बताएंगे।"
मग मनूचा फोन. "फ्लॅट गेला, आई." मग, "पण तोंड पाहिलंस त्याचं?"

९ डिसें.
कमिटीनं काही कळवलं नाही. मनू रोज नवी घरं बघतेय. तिथंही खरंच सांगते म्हणाली.
संध्याच्या वॉर्डातली नवी नर्स मागची खोली बघायला आली. गोंदियाकडची, एकटी. प्रश्न ओठांवर आला होता. संध्या दारात उभी, माझ्याकडेच बघत. किल्ली दिली. बाबा शेतातच राहू देत.

आत्ता फोन वाजतोय. ०२२चा, मुंबईचा नंबर. वाजू दे. तीन रिंग झाल्या की उचलते.