ग्रंथालयामागची ऊब

३ फेब्रुवारी
भूगर्भवाल्या बाईंनी आज ग्रंथालयामागे झेंडी रोवली. भोक तिथेच पाडायचं — दोन किलोमीटर खोल! त्यांच्या मोजणीत इथे दोन मीटर खाली एकतीस अंश, बाकी सगळ्या आवारात चौदा. खालच्या गरम पाण्यावर म्हणे अख्खं विद्यापीठ तापणार, वीजही होणार. म्हणजे माझा बॉयलर भंगारात. कुलसचिवांना विचारलं, आणि माझं काय? "तुमचं बघू काहीतरी." सव्वीस वर्षं नोकरी केली, आणि 'बघू'.

तरी तासभर तिथेच रेंगाळलो. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कुणाला बघावंसं वाटणार नाही?

४ फेब्रुवारी
दाढी करता करता आठवलं, आणि ब्लेड लागलं. बारा वर्षांपूर्वी नेमकी तिथेच माझी वाफेची लाइन फुटली होती. परीक्षा चालू होत्या. वर कळवलं असतं तर लाइन आठवडाभर बंद, पोरं कुडकुडली असती. मीच खड्डा खणला, पाइपला पट्टी आवळली, माती लोटली. नोंद कुठेच नाही.

म्हणजे पट्टी सैल झाली असणार, आणि बाई माझीच गळकी वाफ मोजतायत! थंडीत पोरं बाक सोडून तिथे जमिनीवर पुस्तकं घेऊन बसतात, ते उगाच नाही.

५ फेब्रुवारी
गप्प बसलो तर? नोंद न केल्याचा जाब कुणी विचारणार नाही, भोक गार निघेल, बॉयलर निवृत्तीपर्यंत माझा. घरी हिला सांगितलं. म्हणाली, "बंद घड्याळ दुकानात न्यायच्या आधी उघडून बसणारे तुम्ही. तुमच्याने गप्प बसवणार आहे होय?"

९ फेब्रुवारी
सांगितलं बाईंना. वाटलं, झाडतील. त्यांनी वही काढली. "पट्टी केवढी? बोल्ट किती?" सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, लाइन तीन आठवडे बंद ठेवाल? ऊब तुमच्या वाफेची असेल तर जमीन गार पडायला लागेल."

मलाही तेच बघायचं होतं.

१० फेब्रुवारी
केली बंद. ग्रंथपालांचे सकाळपासून चार फोन. पोरं कानटोप्या घालून वाचतायत.

१७ फेब्रुवारी
एकतीस.

२४ फेब्रुवारी
तीस. उतरतंय! बॉयलरखोलीत येऊन स्वच्छ झडपा पुन्हा पुसत बसलो. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. बाईंचा चेहरा आठवला आणि लाजही वाटली.

३ मार्च
पुन्हा एकतीस. मधला एक अंश थंडीच्या लाटेचा, असं बाईंचं म्हणणं. मला पटेना. फावडं घेतलं आणि स्वतः खणलं. पट्टी होती तशी, आवळलेली. भोवतालची माती कोरडी. बारा वर्षांत एक थेंब गळलेला नाही — इतकं चोख काम केलं होतं मी.

वर आलो, हात झटकले. बाईंना म्हटलं, पाडा भोक.