हौसाबाईंचा खरवस

भिवंडी,
१४ ऑगस्ट १९८९

ती. आईस,
सविनय जयभीम.

प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते. केवळ संतापाने अक्षर बिघडले आहे.

दापोड्याच्या हौसाबाईंनी बाळंतीण सुनेचे पहिले दूध, तो पिवळा चीक, नासका म्हणून पिळून वॉर्डाच्या मोरीत ओतला. वर मलाच खरवस दिला. "खा गो नर्सबाय, म्हशीचा पयला चीक हाय, लय ताकद येते!"

"म्हशीचा ताकदीचा, मग सुनेचा नासका कसा?" मी चक्क ओरडले. सारा वॉर्ड पाहत राहिला.

सुनेच्या पाठीला उशी देऊन मी बाळाला छातीशी नीट लावले. ते चुटूचुटू ओढू लागले.

वहिनीचे दिवस भरत आले ना? माझ्या वेळी तूही चीक फेकलाच असशील; तिचा मात्र फेकू देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा