जपानी मला येतं

१ डिसेंबर १९९३, बुधवार. सकाळी ९.
बियाणे कंपनीची मागच्या सालची डायरी बाबांनी दिली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. आज ठरवलं: बी.ए. बाहेरून पूर्ण करायचं. डोकं थंड ठेवायचं. महानंदाला संक्रांतीच्या आत सांगून टाकायचं.
कॉलेज मी सोडलं असं गावात बोलतात. चूक आहे. प्रॅक्टिकलला ब्युरेट फुटला, सर बोलले, मीही बोललो. मग दोघांपैकी एकालाच कॉलेजात राहता येईल अशी परिस्थिती झाली. सरांना बायकोपोरं होती, म्हणून मी परभणीहून जिंतूरला निघून आलो.

सायं. ५.
बाबांशी भांडण. ताट भिरकावलं. रिकामं होतं. डोकं थंड ठेवणं उद्यापासून.

३ डिसेंबर.
शिवलिंगच्या पार्लरला गेलो. शिवलिंग माझा पहिलीपासूनचा दोस्त. त्याच्या वडलांचं, गुरुसिद्धप्पांचं, कापडाचं दुकान आहे. लागून जी खोली आहे, तिथं यानं दिवाळीला टी.व्ही. आणि व्हिडिओ गेम मांडला. दहा मिनिटाला रुपया. महानंदा त्याची धाकटी बहीण. मागच्या खोलीत शिलाई मशीन चालवते. मशीन थांबली की समजायचं, ती आपलं बोलणं ऐकायलीय. आज चारदा थांबली. शिवलिंग म्हणाला, दोरा तुटायलाय सारखा.
फेटेवाल्याचा गेम खेळलो. फेटेवाला पळतो, उड्या मारतो, विंचू चुकवतो. तिसऱ्या खड्ड्यात मी अकरा वेळा पडलो. उडीचं बटण ढिलं आहे. शिवाय या गेममध्ये मागं येता येत नाही. पडदा पुढं सरकला की मागचं गेलं. माणसाला एकदाही वळून बघू देत नाहीत, ही कुठली रीत? बनवणाऱ्यानं आयुष्यात प्रेम केलेलं नाही.
शिवलिंग म्हणाला, बन्शा, खड्डा दिसायलाय न्हवं तुला?

७ डिसेंबर.
विटांचा गेम. वरून वाकड्यातिकड्या विटा पडतात, खाली ओळ लावायची. ओळ भरली की नाहीशी होते. म्हणजे नीट बांधलं की गेलं, आणि चुकलेलं तेवढं डोळ्यांसमोर रचून राहतं. असा अन्याय मी सहन करत नाही. दुसऱ्या पायरीलाच रिमोट ठेवून दिला.
महानंदा ब्लाउजला हुक लावता लावता उठून आली आणि नवव्या पायरीपर्यंत गेली. या गेमला डोकं लागत नसावं.

११ डिसेंबर, शनिवार.
शिवलिंगनं हैदराबादहून नवी कॅसेट आणली. त्यात तलवारवाला पोरगा आहे, गावं आहेत, म्हातारे, राक्षस, कैदेतली राजकन्या. कुणाजवळही गेलं की खाली चौकटीत ते बोलतं. मग दोन पर्याय येतात, एक वर, एक खाली. बाण न्यायचा आणि बटण दाबायचं. सगळं जपानीत.
शिवलिंग डोकं धरून बसला. दुकानदारानं फसवलं म्हणाला. मशीन थांबली. महानंदा दारात येऊन म्हणाली, कुणालाच येत न्हाई का हे वाचायला?
मी म्हणालो, मला येतं.
अगदीच खोटं नाही. लॅबमधला मायक्रोस्कोप जपानी होता. त्याच्यावर लिहिलेलं मी दीड वर्ष बघत होतो.

१३ डिसेंबर.
व्यवस्था लागली. सकाळी गुरुसिद्धप्पा पूजेला बसतात आणि पार्लर उघडायचं असतं, तेवढ्यात महानंदा खेळते. अडलं की चौकटीतली अक्षरं वहीत उतरवते. संध्याकाळी शिवलिंग वही मला दाखवतो. मी वाचून चिठ्ठीवर उत्तर लिहितो. चिठ्ठी शिवलिंग तिला देतो. म्हणजे रोज तिला माझी चिठ्ठी जाते, आणि तीही तिच्या सख्ख्या भावाच्या हातानं! लोक यासाठी जीव धोक्यात घालतात.
पहिली चिठ्ठी: वेशीवरचा म्हातारा शत्रू आहे, तसं स्वच्छ लिहिलंय. मारा. वरचा पर्याय.

१४ डिसेंबर.
पुढं गेलं! महानंदानं दाराआडून सांगितलं, झालं बन्सीभाऊ, म्हातारा गेला बाजूला.
भाऊ म्हणण्यात काही नाही. जिंतुरात कंडक्टरलाही भाऊच म्हणतात.

१९ डिसेंबर, रविवार.
सहा चिठ्ठ्या, सहाही बरोबर. विहिरीत उतरा लिहिलं, पुढं गेलं. व्यापाऱ्याला लुटा लिहिलं, पुढं गेलं. जपानी भाषा आतून समजायला लागलीय. अक्षराचा चेहरा बघायचा, रागीट आहे की नाही ते कळतं. बहुतेक रागीटच असतात.
संध्याकाळी स्वतः खेळलो, माझ्याच चिठ्ठ्यांप्रमाणे. वेशीवरच्या म्हाताऱ्यानं एका फटक्यात मारलं. संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं.

२३ डिसेंबर.
गेम बंद करताना परवलीची अक्षरं येतात. ती तशीच्या तशी परत भरली तरच दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. एक रेघ चुकली तर पहिल्यापासून. महानंदा ती रांगोळीसारखी बघून उतरवते आणि तिनं अक्षरांना नावं ठेवलीत: विळा, पाळणा, पाटावरची म्हातारी, लंगडी शेळी. भरताना शिवलिंगला ओरडून सांगत असते, आता लंगडी शेळी घे रे, मग दोन विळे. मी म्हणालो, अशानं भाषा येत नसते. ती म्हणाली, तुमी हाव की.
तुमी हाव की! मशीनच्या आवाजातही स्पष्ट ऐकलं.
बी.ए.चा फॉर्म आणायचा राहिला.

२८ डिसेंबर.
आज मन लागत नाही. गेममध्ये तलवारवाल्याचा एक सोबती आहे. तीन गावं बरोबर होता, एका ताटात जेवला असेल. शिवलिंग म्हणाला, आज सकाळी तो कंदील घेऊन निघून गेला. अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी!
दगा. दोस्त म्हणवायचं आणि कंदील घेऊन जायचं. मी चिठ्ठीत अक्षर दाबून लिहिलं: पाठलाग करा. सापडेल तिथं खलास करा. कागद फाटला, दुसरा घेतला.

२९ डिसेंबर.
पुढं गेलं. सोबती आपणहून परत आला म्हणे, गुहेची किल्ली घेऊन. पाठलागाला घाबरून आला असणार.

२ जानेवारी १९९४, रविवार. दुपारी ४.
घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल. शिवलिंग सहज बोलता बोलता म्हणाला, तुझ्या समद्या चिठ्ठ्या तिनं जपून ठेवल्यात. कपड्यांच्या मापांच्या वहीत. टाचण्या लावून.
टाचण्या लावून!
आता फक्त तारीख ठरवायची. ते लिंगायत, आम्ही मराठे, हे काही आडवं येणार नाही. बाबांना मी समजावीन. गुरुसिद्धप्पांना शिवलिंग समजावील. दोघांनाही अजून काही सांगितलेलं नाही. शिवलिंगलाही नाही. महानंदालाही नाही, पण तिला सांगायची गरज उरली कुठं?

४ जानेवारी.
शेवटचं दार. दारावर राक्षस बसलाय आणि काहीतरी विचारतोय. एकविसावी चिठ्ठी लिहिली: खालचा पर्याय. आणि खाली, पहिल्यांदाच, सही केली. नुसतं ‘बन्सी’.

५ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.३०.
गेम संपला! शिवलिंगनं सायकलवर पोरगं पाठवून बोलावलं. पडदा तसाच चालू ठेवला होता. टेकडीवर तलवारवाला आणि राजकन्या बसलेले, मागं सूर्य, खाली मोठी मोठी अक्षरं. सगळे माझ्याकडं बघायले. मी वाचलं, शाब्बास जिंतूरकर. सगळे खूप हसले. महानंदा तर पदर तोंडाला लावून आत गेली. आनंद माणसाला असा दडवावा लागतो.

दुपारी २.
संपलं सगळं.
ती घरात गेली आणि मापांची वही मशीनवर राहिली. मी उघडली. चिठ्ठ्या होत्या. टाचण्या होत्या. आणि प्रत्येक चिठ्ठीवर कापडावर खुणा करतात त्या लाल खडूनं एकच शब्द: उलटं. उलटं. उलटं. एकोणीस वेळा उलटं. दोन चिठ्ठ्यांवर: अक्षर लागत न्हाई.
शिवलिंगला विचारलं. तो बेइमान म्हणाला, चिडू नको बन्शा. पयल्याच दिवशी कळलं तिला. तू वही उलटी धरून वाचायलास. मग तिनंच हिकमत काढली. तू मार म्हणलास की बोलायचं, तू जा म्हणलास की थांबायचं. एकदा बी फेल न्हाई गेली. आपुन तर म्हणतो, तुझ्याबिगर गेम झालाच नसता.
मी रिमोट आपटला. वायर निघाली. पहिलीपासूनचा दोस्त! माझी चिठ्ठी रोज हातात घेऊन जात होता आणि रोज हसत होता.

९ जानेवारी, रविवार.
चार दिवस घराबाहेर नाही. ज्यांनी दगा दिला ते असे: शिवलिंग, हैदराबादचा दुकानदार, जपान. महानंदाचं नाव लिहिलं आणि खोडलं. मग परत लिहिलं.
माय म्हणाली, पित्त झालंय, आवळा खा. खाल्ला.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं, रेडिओवर सांगितलं. गडबडीच्या भीतीनं गाड्यांचं काही खरं नाही म्हणून बाजार गप्पच. बाबा म्हणाले, तुझी डिगरी कोणत्या नावाची येणार रे? मी डोकं थंड ठेवलं.
अकरा वाजता महानंदा मायला तीळगूळ द्यायला आली. माय चहाला आत गेली. अंगणात आम्ही दोघंच. ती म्हणाली, बन्सीभाऊ, राग सोडा आता, गोड बोला. मग ती पायरीवर बसली आणि हळू म्हणाली, एक इचारायचंय. उदगीरचं स्थळ आलंय. मेडिकलचं दुकान हाय. अप्पा म्हणले, तुझ्या मनानं सांग. मला काई सुधरंना. तुमी सांगा, होकार देऊ का?
छातीत मशीन सुरू झाली. नको म्हणणार तेवढ्यात मला एकदम नियम आठवला. मी सांगतो त्याच्या उलटं! नको म्हणालो तर गेली उदगीरला. वा बन्सीधर, आता तुझा डाव.
मी म्हणालो, दे होकार. डोळे झाकून दे. औषधवाले लोक सभ्य असतात. उदगीरला हवा चांगली आहे.
तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाली, खरंच वाटतं तुमाला?
मी म्हणालो, शंभर टक्के.
ती बरं म्हणाली आणि गेली. संक्रांतीच्या आत सांगायचं ठरवलं होतं. एका परीनं सांगितलंच.

१५ जानेवारी.
झोप मस्त. उदगीरच्या माणसाची कीव येते. त्याला दगा होणार, आणि कुणी केला हे कधी कळणारही नाही.

१९ जानेवारी, बुधवार. सायं. ६.
शिवलिंग पेढे घेऊन आला. भांडण विसरून गळ्यातच पडला. म्हणाला, बन्शा, तुझे उपकार हायत. चार दिवस तोंड शिवून बसली होती. आज म्हणली, बन्सीभाऊनी इच्चार करून सांगितलंय, हो म्हणून कळवा.
पेढा हातातच राहिला. तसाच दुकानात गेलो. महानंदा मशीनवर होती. मी म्हणालो, पण मी सांगतो त्याच्या उलटं करतेस ना तू? चिठ्ठ्यांवर लिहिलं होतंस ना?
ती मशीन थांबवून हसली. म्हणाली, ते गेमचं होतं, बन्सीभाऊ. ते जपानी होतं, तुमाला येत नव्हतं. हे तर मराठीत इचारलं होतं की.
मग म्हणाली, दुसऱ्या कुणाला इचारलं असतं तर अप्पाकडं बघून बोलले असते, न्हाई तर दादाकडं बघून. तुमी तोंडावर बोलता. रागात असला तरी माणसाचं वाईट सांगणार न्हाई, एवढं मला ठावं हाय.
तेव्हा सांगायला हवं होतं. अजून वेळ होती. मी विचारलं, मशीनला तेल दिलंय का? ती म्हणाली, दिलंय.

२३ जानेवारी, रविवार.
उदगीरची माणसं आली होती. शिकलेला माणूस म्हणून शिवलिंगनं मला पुढं बसवलं. मुलगा बारीक आहे, कमी बोलतो. त्याच्यात राग येण्यासारखं काही सापडलं नाही. खूप बघितलं.
चहा झाल्यावर मुलाच्या मामानं मला ओसरीला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमी घरच्यावाणी हाव. कागदावर समदंच चांगलं असतंय. पोरगी कशी हाय, खरं काय ते सांगा. तुमी न्हाई म्हणला तर आमी गुपचूप परत जातो, तुमचं नाव येणार न्हाई.
एक वाक्य पुरलं असतं. एवढं सोपं कधी काही नव्हतं.
आत ती कुणाला तरी सांगत होती, अजून दोन बशा आणा गं.
मी म्हणालो, लय हुशार आहे.
मामा खूश झाले. म्हणाले, बेस झालं, पोरगं आमचं जरा भोळंच हाय. आणि त्यांनी मला आणखी एक पेढा दिला. खाल्ला.