धोंडूबाई वॉटर सप्लाय

४ मार्च २०२५

गॉडफ्रे वकिलांनी बजावलंय — हितेश, कुठे काही लिहायचं नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच! आता माणसाने एवढं डोकं लढवायचं आणि कुणाला सांगायचंही नाही? पोट फुगेल माझं. म्हणून ही वही. कोर्टात मोबाईल मागतात, वही कोण मागतंय!

तर आज वसईच्या कोर्टात ॲफिडेव्हिट दिलं. काम: आईच्या पाण्याच्या धंद्यावर देखरेख. पगार: महिना चौदा हजार. मालमत्ता: जुनी स्कूटर एक. विनया समोरच्या बाकावर बसून वाचत होती आणि वाचता वाचता हसली. हसू दे. फुलपाड्यात भाड्याच्या एका खोलीत राहून हसू येतं म्हणजे कमालच आहे बाईची.

चार टँकर, बँकेचं खातं, सगळं धोंडूबाईच्या नावावर. विनयाने घटस्फोटाचा विषय काढला त्याच आठवड्यात करून टाकलं. वाडीतली विहीर तर बाबांच्या मागे आईचीच. टँकरवर नाव रंगवलंय — धोंडूबाई वॉटर सप्लाय. लोकांना वाटतं, काय मातृभक्त पोरगा!

९ मार्च

उन्नती आली होती. एक रविवार सोडून येते. वय वर्षं अकरा, पण तोंडात आईची वाक्यं. "पप्पा, डॉक्टर म्हणाले डाव्या कानाला मशीन लागेल." बेचाळीस हजार! मी म्हटलं, उजवा चांगला आहे ना? मग झालं तर. हसली नाही. पढवून पाठवलेली पोर हसेल कशाला.

आई मागून बोललीच. "ती उजवा कान फुडं करते रे. मी कवाची बघते."

आईला काय कळतंय! टीव्ही एवढ्या मोठ्याने लावते की शेजारी ओरडतात, आणि ही दुसऱ्यांचे कान तपासणार.

१८ मार्च

हे एव्हरशाईन सिटीतले सेक्रेटरी! घरात तीन एसी, टाकीत ठणठणाट. सकाळी सहाला फोन — हितेशभाई, आजच्या आज दोन गाड्या पाठवा. मार्चमध्ये ही तऱ्हा, मेमध्ये पाय धरतील. गाडीमागे दोनशे वाढवले. कुरकुरले आणि दिले. माझे आजोबा याच विहिरीवर केळी पिकवून डोक्यावरून बाजारात न्यायचे. मी नुसतं पाणी विकतो. केळ्याला निदान पिकायला वेळ तरी लागतो.

एक कटकट आहे. आईचं खातं अंगठ्याचं. अंगठेवाल्यांना बँक चेकबुक देत नाही, पैसे काढायचे तर दर वेळी म्हातारीला नटवून न्या. तिला सही शिकवायला पाहिजे.

२३ मार्च

कोण बसणार तिच्यासोबत? उन्नतीलाच बसवलं. रिकामी येतेच आहे तर आजीच्या उपयोगी पडू दे. दोघी ओटीवर तीन तास. 'धों' काढताना आई अशी जीभ बाहेर काढते की बघवत नाही. उन्नती म्हणे आकडेसुद्धा शिकवणार आहे. शिकव बाई. सत्तराव्या वर्षी गणित घालून कलेक्टर होणार ही!

८ एप्रिल

चेकबुक आलं. एका बैठकीत आईकडून वीस कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. सही कोंबडीच्या पायासारखी, पण बँकेला चालते.

२४ एप्रिल

विनयाच्या वकिलाने आईला साक्षीला बोलावलंय. फार शहाणे समजतात स्वतःला. आईकडून रोज तीनदा म्हणवून घेतोय — धंदा माझा. पोराला चौदा हजार पगार देते. बाकीचं मी बघते.

आज बोंबील साफ करता करता मध्येच थांबली. "खोटं बोलू?"

म्हटलं, खोटं कुठे? कागदावर नाव कुणाचं आहे?

"माजं."

मग! कागदावर आहे ते खरं.

"नक्की ना?"

नक्की! म्हटलं, वकिलाला विचार हवं तर. मान हलवली आणि पुन्हा बोंबलाला लागली. एक गोष्ट चारदा सांगावी लागते हिला.

२९ एप्रिल

वा रे आई! पिंजऱ्यात उभी राहून घडाघडा बोलली. "धंदा माझा. पोराला चौदा हजार पगार देते." विनयाचा वकील उलटसुलट विचारून दमला, ही तेच वाक्य परत. विनयाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाहेर आल्यावर विनया आईच्या पाया पडली. सून असताना कधी वाकली नाही! दोघी दोन मिनिटं काहीतरी बोलल्या. मी गाडी काढत होतो.

६ मे

तीन हजार! महिन्याला तीन हजार पोटगी. एका टँकरचे पैसे. मशीनचा खर्च माझ्या 'उत्पन्नात' बसत नाही. गॉडफ्रे वकिलांना पापलेट पाठवले. विनयाला म्हणावं, आता हस.

१८ मे

हे लिहायचं नव्हतं.

उन्नती अंगणात उभी होती. रामनाथ ड्रायव्हर टँकर मागे घेत होता, हॉर्न वाजवत होता, मी ओरडत होतो. ती जागची हलेना. गाडी तिच्या डाव्या बाजूने येत होती. रामनाथने आरशात बघून करकचून ब्रेक मारला. हातभर अंतर राहिलं असेल.

मी धावत गेलो आणि तिच्यावरच ओरडलो — ऐकू येत नाही का तुला?

ती म्हणाली, "नाही, पप्पा."

आई ओटीवर उभी होती.

जेवण गेलं नाही. पण आत्ता मशीन घेतलं तर विनया दुसऱ्या दिवशी कोर्टात विचारेल, चौदा हजारवाल्याकडे बेचाळीस आले कुठून? तिच्या हातात कोलीत कशाला द्या. दिवाळीनंतर बघू. तोवर पोरीने जरा बघून चालावं.

२६ मे

बँकेचे मेसेज यायचे बंद झालेत. नेटवर्कची बोंब असेल.

३० मे

नेटवर्क नाही! आईने बँकेत जाऊन मोबाईल नंबर बदललाय. मी सह्या घेऊन ठेवलेले चेक थांबवलेत. स्वतः रिक्षा करून गेली, स्वतः सही केली! मॅनेजर मला म्हणतो, "खातेदार त्या आहेत, तुम्ही कोण?"

चारही टँकरच्या चाव्या तिच्या कमरेला. रामनाथ माझ्याकडे बघायला तयार नाही. "शेठ, मालकीणबाईंनी सांगितलंय." कोण मालकीणबाई? कालपर्यंत अंगठा उठवणारी?

घरी जाऊन आरडाओरडा केला. कोथिंबीर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कागदावर हाय ते खरं. तूच म्हनला ना?"

गॉडफ्रे वकिलांना फोन केला. ते म्हणाले, हितेश, तू कोर्टात शपथेवर सांगितलंयस. मग बराच वेळ खोकत होते. हसत होते मेले!

१ जून

आईने पाकीट हातात दिलं. पगार. चौदा हजार. "त्यातलं तीन आदी फुलपाड्याला," म्हणाली, आणि तिच्या हिशेबाच्या वहीत माझी सही घेतली.

मी तोंडातल्या तोंडात तिला शिवी घातली. उन्नती पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. डाव्या कानामागे नवीन मशीन.

मान न वळवता म्हणाली, "पप्पा, ऐकू आलं."