टमाट्याचं खत आणि आईंचा चमचा

खोडद, मंगळवार, संध्याकाळ

मोठ्या भाऊजींवरचा राग अजून उतरत नाही. थोरले दीर, तोंडावर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, किडन्या कमजोर आहेत हे घरात सगळ्यांना माहीत. तरी पोट साफ होत नाही म्हणून या माणसानं त्यांना टमाट्याच्या खताच्या पोत्यातलं मॅग्नेशियम सल्फेट पाजलं! रोज एक चमचा, पाण्यातून. मोबाईलवर बघितलं म्हणे. कुठला मेला मोबाईल!

काल आईंची मान धरेना. हाक मारली तर नुसतं हूं. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललासुद्धा नाही. नाडी एकदम मंद. "काही औषध चालू आहे का?" तर भाऊजी म्हणाले, "नाय ओ, कायच नाय." खत म्हणजे औषध थोडंच! मला खिडकीतला, खताची पांढरी पूड चिकटलेला आईंचा चमचा आठवला, म्हणून मी डॉक्टरांना ते सांगितलं. मग रक्त तपासलं. मॅग्नेशियम भलतंच वाढलेलं, कमजोर किडन्यांना ते बाहेर टाकताच येत नव्हतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग डायलिसिस. आज दुपारी डोळे उघडले.

आणि भाऊजी काय म्हणतात? "लई नाय दिलं गं, अंदाजानंच दिलं."

अंदाजानं! तेच खत टमाट्याला जास्त झालं तर झाडं जळतील म्हणून हाच माणूस काट्यावर तोलून शेतातल्या ड्रिपला सोडतो. काटा जरा हलला तरी परत तोलतो.

जन्मदात्या आईला मात्र चमच्यानं.